अपघात विम्याचा क्लेम: डॉक्टरांनी भरायच्या फॉर्ममुळे निम्मे पैसे अडकलेत, काय करावं?

करवीरची_लेक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझे मिस्टर कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत लेथवर (धातूचा तुकडा फिरवत कापून घडवायचं यंत्र) टर्नर आहेत. ९ मार्चला, रविवारी सकाळी, लक्ष्मीपुरीत भाजी आणायला जाताना गाडी घसरली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. तारा घालून प्लास्टर केलं. २१ एप्रिलला तारा आणि प्लास्टर काढलं, पण मनगट लाकडासारखं ताठ झालं होतं. पुढे फिजिओ चालू राहिलं आणि १६ जूनला ते कामावर हजर झाले. म्हणजे १४ आठवडे घरी. पगार २१ हजारांच्या वर असल्याने ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागू नाही. रजा शिल्लक होती ती पहिल्या १८ दिवसांत संपली.

त्यांची वैयक्तिक अपघात विमा पॉलिसी आहे. तिच्यात तात्पुरत्या पूर्ण असमर्थतेसाठी दर आठवड्याला ५,००० रुपये मिळतात. आम्ही १४ आठवड्यांचा क्लेम टाकला. कंपनीचं पत्र आलं की २८ एप्रिलपर्यंतचेच ७ आठवडे मान्य, कारण त्या तारखेच्या ओपीडी पेपरवर डॉक्टरांनी 'हलके काम चालेल' असं लिहिलं आहे आणि डॉक्टरांनी भरलेल्या फॉर्मवर शेवटची तारीख नाही.

फॉर्म काढून बघितला. निदानाच्या रकान्यात 'फ्रॅक्चर डिस्टल रेडियस, उजवा' एवढंच. 'रुग्ण कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कामास पूर्णपणे असमर्थ होता' या रकान्यात 'विश्रांतीचा सल्ला दिला आहे'. शेवटची तारीख कोरी. खाली सही आणि शिक्का. डॉक्टर माणूस म्हणून अतिशय चांगले आहेत, हात त्यांनीच वाचवला. पण मी पुन्हा फॉर्म घेऊन गेले तर म्हणाले, "मी जे खरं ते लिहिलंय, आणखी काय लिहू?" बाहेर चाळीस पेशंट बसलेले. मला पुढे बोलता आलं नाही.

त्यांच्याकडे नेमकं काय मागायचं? खोटं काही लिहून घ्यायचं नाही. जे घडलं तेच नीट लिहून हवं आहे.

---

सुगरण_साताऱ्याची

ताई, आधी मिस्टरांची तब्येत कशी आहे ते सांगा. माझ्या दिराचंही असंच मनगट मोडलं होतं. गरम पाण्यात हात बुडवून मूठ उघडायची आणि मिटायची, हा व्यायाम सोडू देऊ नका. क्लेमचं जाणकार सांगतीलच.

---

तपासनीस_निवृत्त

करवीरची_लेक, मी २६ वर्षं विमा क्षेत्रात क्लेम तपासले, त्यात बराच काळ अपघात विम्याचे. आतल्या टेबलावर तुमची फाइल कशी वाचली जाते ते सांगतो.

फाइल वाचणाऱ्याने तुमच्या मिस्टरांना कधी पाहिलेलं नसतं. त्याच्यापुढे कागद असतात आणि तो तारखा जुळवतो. अपघात कधी, पहिला उपचार कधी, एक्सरे कधी, मस्टरवर (हजेरीपटावर) गैरहजेरी कधीपासून, कामावर परतायला योग्य असल्याचा दाखला कधीचा. या तारखा एका ओळीत बसल्या की फाइल हलते, आणि एक जरी इकडेतिकडे असली की क्वेरी निघते. मी स्वतः अशा फाइली परत पाठवल्या आहेत की डिस्चार्ज कार्डावर उजवा हात आणि फॉर्मवर डावा. माणूस खरा, अपघात खरा, घाईत एक अक्षर चुकलं आणि दोन महिने गेले. अपघात कसा झाला हेही सगळीकडे एकच असायला हवं. एका कागदावर 'गाडी घसरून' आणि दुसऱ्यावर 'घरात पडून' असं झालं तर विचारणा होणारच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'विश्रांतीचा सल्ला' म्हणजे असमर्थता नव्हे. सर्दीलाही विश्रांतीचा सल्ला देतात. फॉर्म विचारतो की माणूस काम करू शकत होता का, आणि तुमच्या डॉक्टरांनी काय उपचार सांगितला ते लिहिलं. प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं. तपासणाऱ्याने मग जिथे स्पष्ट उत्तर सापडलं तिथून घेतलं, म्हणजे 'हलके काम चालेल' वरून.

आता एक काम करा. तुमच्याकडे बहुतेक पॉलिसीचं दोन पानी शेड्यूल असेल. पूर्ण अटींची पुस्तिका वेगळी असते. शेड्यूलवर यूआयएन नावाचा क्रमांक छापलेला असेल, त्यावरून कंपनीच्या संकेतस्थळावर नेमकी तुमच्याच पॉलिसीची पुस्तिका मिळेल. तिच्यात 'तात्पुरती पूर्ण असमर्थता' याची व्याख्या शोधा. काही पॉलिसींत 'कोणत्याही प्रकारचा कामधंदा करण्यास असमर्थ' असं असतं, काहींत 'अपघाताच्या वेळी करत असलेला कामधंदा करण्यास असमर्थ' असं. तुमचे अडकलेले ३५,००० रुपये या एका वाक्यावर अवलंबून आहेत. ते वाक्य जसंच्या तसं इथे लिहा.

---

पन्हाळगड

माझ्या माहितीतल्या एकाने डॉक्टरांना सांगून ती 'हलके काम'ची ओळ खोडून नवा पेपर करून घेतला होता. तेवढं केलंत तर प्रश्नच मिटेल.

---

तपासनीस_निवृत्त

पन्हाळगड, कृपा करून असा सल्ला देऊ नका. पहिला पेपर कंपनीकडे आधीच जमा आहे. आता वेगळा पेपर गेला तर आज ७ आठवडे तरी मान्य आहेत, उद्या सगळ्या क्लेमवरच संशय येईल. आणि डॉक्टरांचं नाव त्यात विनाकारण गोवलं जाईल.

---

अस्थिवैद्य

मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतःचं छोटं हॉस्पिटल. असे फॉर्म आठवड्याला पाच-सहा भरतो. डॉक्टरांच्या बाजूने लिहितो.

पन्हाळगड, खाडाखोडीचं विसरा. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत. त्यांनुसार आम्हाला दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंदवही ठेवावी लागते, त्यात रुग्णाची ओळखखूण लिहावी लागते आणि प्रत जपावी लागते. खोटं प्रमाणपत्र दिल्याचं सिद्ध झालं तर नोंदणी जाऊ शकते. त्यामुळे कुणी 'तारीख जरा पुढची टाका' म्हटलं की चांगला डॉक्टर तिथेच बंद होतो, आणि मग जे खरं आणि लिहिण्यासारखं आहे तेही लिहायचं राहून जातं.

पण खरी अडचण वेगळी आहे, आणि ती आम्हा डॉक्टरांची आहे हे मी मान्य करतो. आम्हाला हाड जुळलं की नाही हे बघायचं शिक्षण मिळतं. एक्सरेवर हाड जुळलेलं दिसलं की आमच्या मनात केस संपते. समोरचा माणूस पोटासाठी दिवसभर काय करतो, हे आम्ही बहुतेक वेळा विचारतच नाही. 'हलके काम चालेल' हे आम्ही हात वापरात राहावा म्हणून लिहितो. ताठ सांध्याला ते औषधच आहे. कप उचला, शर्टाची बटणं लावा, पेन धरा, असा त्याचा अर्थ. कारखान्यात जा असा अर्थ तुमच्या डॉक्टरांच्या मनात बहुधा नसणार.

म्हणून ताई, पुन्हा जाल तेव्हा फॉर्म पुढे करू नका. आधी एक पान पुढे करा. मिस्टरांनी स्वतः लिहिलेलं, मराठीतच चालेल: लेथवर ते काय करतात, किती वजनाचा जॉब (घडवायचा तुकडा) उचलतात, चकची (तो तुकडा घट्ट धरणाऱ्या भागाची) चावी कोणत्या हाताने आवळतात, ८ तासांत किती वेळा. ते उजव्या हाताने काम करतात की डावखुरे आहेत, हे पहिल्या ओळीत. आणि शक्य असेल तर ओपीडी संपताना जा, किंवा रिसेप्शनला सांगून दहा मिनिटं वेगळी मागा. चाळीस पेशंट बाहेर असताना मीही चार शब्दच लिहितो.

फिजिओ कुठे केलंत? त्यांच्या कार्डावर काही मोजमापं आहेत का? मनगट किती अंश वाकतं, पकड किती किलो? त्या वेळी झालेली नोंद सोन्यासारखी. आज आठवून लिहिलेल्या आकड्याला तेवढी किंमत नाही.

---

निळी_जास्वंद

एक शंका विचारू का? माझ्या भावाची दोन बोटं कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये गेली. सिव्हिलमधून अपंगत्वाचा दाखला काढला, यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं ओळखपत्र) आलं. ते कार्ड जोडलं तर विम्याच्या फॉर्मवर डॉक्टरांकडून वेगळं लिहून घ्यायला नको ना? या धाग्यात घुसल्याबद्दल क्षमस्व.

---

अस्थिवैद्य

निळी_जास्वंद, अगदी योग्य ठिकाणी विचारलंत, कारण इथेच अनेकांची गल्लत होते. सरकारी दाखल्यावरची टक्केवारी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली ठरवलेल्या पद्धतीने मोजलेली असते आणि ती सवलती, आरक्षण यांसाठी. ४० टक्क्यांची अट आपण ऐकतो ती तिथली. अपघात विम्यात पॉलिसीचा स्वतःचा तक्ता असतो आणि तो अवयवाप्रमाणे चालतो. बऱ्याच पॉलिसींत अंगठ्याची दोन्ही पेरं गेली तर विमा रकमेच्या २५ टक्के, तर्जनीची तिन्ही पेरं गेली तर १० टक्के, असं दिलेलं असतं. त्यामुळे डॉक्टरांच्या फॉर्मवर कोणतं बोट, किती पेरं, कोणत्या सांध्यापासून, हे लिहिलेलं हवं. 'दोन बोटे निकामी' एवढ्यावर कुणीही तक्ता लावू शकत नाही. कार्ड जोडा, पण फॉर्मही नीट भरून घ्या. हाताचा ताजा एक्सरे आणि दोन्ही तळवे शेजारी ठेवून काढलेला फोटो जोडा.

भावाला कारखान्यात ईएसआय लागू असेल तर तो मार्ग संपूर्ण वेगळा आहे. तिथे बरं होईपर्यंत सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के मिळतात आणि कायमचं किती नुकसान झालं ते वैद्यकीय मंडळ ठरवतं. तो क्लेम राहिला असेल तर आधी तो करा.

---

तपासनीस_निवृत्त

यात एक भर. बँकेतून २० रुपये कापले जातात ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही लोक याच धाग्यात धरतात. तिथे दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे गेले, किंवा एक डोळा आणि एक हात वा पाय, तर २ लाख. एक डोळा किंवा एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर १ लाख. बोटं किंवा बरं होणारं फ्रॅक्चर त्यात बसत नाही. निळी_जास्वंद, तिथे वेळ घालवू नका.

---

सांताक्लाराकर

मी कॅलिफोर्नियात आहे. इकडची पद्धत वेगळी, पण डॉक्टरांच्या फॉर्मवरचं घोडं इथेही तसंच अडतं, म्हणून लिहितो.

तीन वर्षांपूर्वी कमरेच्या मणक्याचा त्रास होऊन चार महिने घरी होतो. आधी राज्याची अपंगत्व विमा योजना. तिथे काम बंद झाल्यापासून ४९ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र त्याच अर्जाचा दुसरा भाग असतो. ते सुरळीत झालं. मग कंपनीमार्फत असलेल्या खाजगी विम्याचा फॉर्म आला. त्यात दोन वेगळे रकाने होते: रुग्णाने काय करू नये, आणि रुग्णाला काय करता येत नाही. माझ्या डॉक्टरने दोन्हीकडे 'काम बंद' लिहून दिलं. क्लेम नामंजूर. कारण असं दिलं की माझी नोकरी बैठी, आणि मला बसता येत नाही असं कुठेच लिहिलेलं नाही.

अपिलाला १८० दिवस होते. मी दोन आठवडे वहीत लिहून ठेवलं: किती मिनिटं सलग बसलो, कधी उठावं लागलं, गोळी घेतल्यावर किती वेळ डोकं जड होतं. ती पानं घेऊन गेलो. डॉक्टरने तपासून लिहिलं की सलग २० मिनिटांपेक्षा जास्त बसता येत नाही, दिवसभरात एकूण २ तास, १० पौंडांवर उचलायचं नाही, पुन्हा तपासणी ६ आठवड्यांनी. निदान तेच, एमआरआय तोच. अपील मंजूर झालं.

करवीरची_लेक, तुमच्या मिस्टरांचं ते एक पान फार मनापासून लिहून घ्या.

---

करवीरची_लेक

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. पुस्तिका मिळाली. चौदाव्या पानावर व्याख्या आहे, इंग्रजीत. माझ्या पुतणीने वाचून अर्थ सांगितला: 'अपघाताच्या तारखेस विमाधारक करत असलेला नोकरी-व्यवसाय करण्यास पूर्णपणे असमर्थ'. कोणतंही काम असं नाही, करत असलेलं काम असं आहे.

काल रात्री मिस्टरांना पान लिहायला बसवलं. त्यांना लिहायची सवय नाही, म्हणून ते बोलले आणि मी लिहिलं. इतकी वर्षं संसार केला, पण लेथवर उभं राहून ते नक्की काय करतात हे मला काल कळलं. चक आवळताना चावीवर उजव्या हाताचा सगळा जोर द्यावा लागतो. चक सैल राहिला तर जॉब फिरताना सुटून अंगावर येऊ शकतो. एका शिफ्टमध्ये साधारण ६० जॉब, म्हणजे आवळणं आणि सोडणं मिळून १२० वेळा. एक जॉब ४ ते ७ किलोचा. हँडव्हील फिरवताना मनगट सारखं वळतं. बोलता बोलता त्यांनी टेबलावरचा तांब्या उजव्या हाताने धरून दाखवला, "मे महिन्यात हा असा सुटत होता," म्हणाले.

फिजिओचं कार्डही सापडलं. २८ एप्रिलला उजव्या हाताची पकड ९ किलो, डाव्या हाताची ३६. २ जूनला उजवी १८. २ जूनला डॉक्टरांनीही तपासलं होतं, तो पेपर आहे.

---

अस्थिवैद्य

ताई, आता तुमचं काम सोपं झालं. नवा फॉर्म भरून घ्यायची गरज नाही. जुना आहे तसाच राहू द्या. डॉक्टरांच्या लेटरहेडवर आजच्या तारखेचा एक स्पष्टीकरणाचा कागद मागा. मी असा कागद देतो तो साधारण असा असतो, तुमच्या डॉक्टरांना पटेल तेवढंच ते लिहितील:

"सदर रुग्ण उजव्या हाताने काम करणारे असून व्यवसायाने लेथ ऑपरेटर आहेत. त्यांच्या कामात उजव्या हाताने वारंवार जोराने पकडणे, मनगट वळवणे व ४ ते ७ किलो वजन उचलणे आवश्यक आहे. दि. २८ एप्रिलच्या नोंदीतील 'हलके काम' याचा अर्थ सांध्याची हालचाल राखण्यासाठी दैनंदिन स्वरूपाची हलकी कामे असा असून त्यात लेथ चालवणे अभिप्रेत नव्हते. त्या दिवशी उजव्या हाताची पकड ९ किलो, डाव्या हाताची ३६ किलो होती. दि. ९ मार्च ते १५ जून या काळात रुग्ण स्वतःचे लेथ ऑपरेटरचे काम करण्यास पूर्णपणे असमर्थ होते. दि. १६ जूनपासून कामास योग्य."

खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. नोंदणी क्रमांक पुसट उमटला तर पेनाने लिहून घ्या. आणि ओपीडी पेपरांच्या प्रती कमी असतील तर मागायला संकोच करू नका. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी देणं आमच्यावर बंधनकारक आहे.

---

तपासनीस_निवृत्त

सोबत कारखान्याचं पत्र जोडा: हुद्दा टर्नर, ९ मार्च ते १५ जून गैरहजर, पगार दिलेला नाही किंवा रजेत किती दिला ते. पत्रात व्याख्येचं वाक्य आणि पान क्रमांक लिहून फेरविचार मागा. ईमेलने पाठवा आणि पोच ठेवा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडून ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. कोल्हापूरला पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही. अंतिम नकारापासून १ वर्षाच्या आत तक्रार करावी लागते.

---

मंद_सूर

धागा वाचून राहवलं नाही. मला ९ वर्षं संधिवात आहे, रुमॅटॉइड. माझा क्लेम अपघाताचा नाही, नोकरीतल्या गट विम्याचा होता. आमच्यासारख्यांची अडचण अशी की तपासणीच्या दिवशी आपण आंघोळ करून, नीट साडी नेसून, हसून दवाखान्यात जातो. डॉक्टर लिहितात 'प्रकृती स्थिर'. स्थिर म्हणजे वाढलेलं नाही एवढंच. पण वाचणाऱ्याला वाटतं बरी आहे. सकाळी पहिले दोन तास मला नळाची तोटी फिरवता येत नाही, हे मी डॉक्टरांना सात वर्षं सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलं नाही आणि मला ते तक्रार केल्यासारखं वाटायचं. सांगितल्यावर त्यांनी त्याच दिवशी पेपरवर लिहिलं. सांताक्लाराकर, तुमच्या वहीची कल्पना मी आता वापरणार आहे.

---

करवीरची_लेक

महिन्याभराने येते आहे, तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडलं नसतं.

डॉक्टरांकडे संध्याकाळी साडेआठला गेलो, ओपीडी संपल्यावर. मिस्टरही होते. डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं आणि मिस्टरांना विचारलं, "दिवसाला १२० वेळा?" मग स्वतःहून मनगट पुन्हा तपासलं आणि कागद टाइप करून दिला. 'हलके काम'चा अर्थ त्यांनी त्यांच्या शब्दांत लिहिला, तुम्ही म्हणालात जवळपास तसाच. पैसे घेतले नाहीत.

परवा कंपनीचं उत्तर आलं. १२ आठवडे मान्य, म्हणजे ६०,०००. शेवटचे २ आठवडे नाहीत, कारण २ जूननंतर उपचाराची कोणतीही नोंद जोडलेली नाही असं म्हणतात.

---

तपासनीस_निवृत्त

छान झालं. आता त्या २ आठवड्यांचं बघू. २ जूननंतर फिजिओला गेले होते ना? मग कार्डावर तारखा असतीलच.

---

करवीरची_लेक

काका, तुमचं वाचून लगेच उठून कार्ड काढलं. मी झेरॉक्स फक्त पुढच्या बाजूची काढली होती. मागच्या बाजूला ५ जून, ९ जून आणि १२ जूनच्या नोंदी आहेत, फिजिओच्या सहीसकट. १२ जूनला पकड २४ किलो. उद्या दोन्ही बाजूंची प्रत ईमेल करते आणि पोस्टानेही पाठवते.

सुगरणताई, तुम्ही तब्येतीचं विचारलं होतंत, सांगायचं राहूनच गेलं. चक आवळताना अजून दुखतं, पण पहिल्या शिफ्टला रोज जातात. गरम पाण्याचा व्यायाम रात्री जेवणानंतर चालू आहे, धाकटा घड्याळ लावून शेजारी बसतो.